साखळीच्या टोकावरचा क्लोरीन

१. ‘मटेरियल वेगळं आहे’

बारामती किंवा इंदापूरच्या बाजारात पाईपच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. काउंटरवर पाईपचे दोन तुकडे ठेवलेले असतात. दोन्ही पीव्हीसीचे, दोन्ही तीन इंची, दाब सोसण्याचा आकडाही दोन्हींवर तोच. दर मात्र वेगळे. शेतकरी विचारतो, “प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक, फरक कसला त्यात?” दुकानदार म्हणतो, “दादा, मटेरियल वेगळं आहे.”

उत्तर खोटं नाही, अपुरं आहे. स्वस्त पाईपमध्ये खडूची भुकटी वाजवीपेक्षा जास्त घातलेली असू शकते. ऊन आणि उष्णता सोसायला लागणारी रसायनं कमी टाकलेली असू शकतात. पण हे सगळं बाजूला काढलं तरी खाली एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे रेझिन. पीव्हीसीची ही पांढरी भुकटी आपल्या राज्यात रत्नागिरीत फिनोलेक्सच्या कारखान्यात तयार होते, परदेशातूनही येते. तिच्या पोत्यावर एक आकडा असतो. पाईपसाठीच्या रेझिनवर बहुधा ‘के-६७’, साच्यात घालून फिटिंग काढायच्या रेझिनवर ‘के-५७’ किंवा त्याच्या आसपास. हा ‘के’ साखळीच्या लांबीचा निर्देशक आहे. साखळी लांब असेल तर माल चिवट होतो, पण वितळवून वाहवायला अवघड जातो. साखळी आखूड असेल तर माल साच्यात पटकन पसरतो, पण ताकदीला उणा पडतो.

आता साखळी म्हणजे कसली साखळी, तिची लांबी कोण ठरवतं, आणि सगळ्या साखळ्या एका मापाच्या करता येतात का, हे या प्रकरणात पाहायचं आहे. शेवटच्या प्रश्नाचं एक मोठं उत्तर १९९५ साली मिळालं. ते देणाऱ्यांत रुथेनियम नावाचा एक दुर्मीळ धातू होता.

२. सेकंदाचं आयुष्य

पीव्हीसीचा एकेक दुवा म्हणजे विनाइल क्लोराइडचा रेणू. असा सुटा रेणू म्हणजे मोनोमर, आणि असे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडून झालेली साखळी म्हणजे पॉलिमर. मोनोमरमध्ये दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. त्यातला एक पदर घट्ट, दुसरा जरा सैल. सगळी गंमत या सैल पदरात आहे.

इलेक्ट्रॉनांना जोडीने राहायला आवडतं. एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरला, तर त्या रेणूला रॅडिकल म्हणतात. रॅडिकल कमालीचा उतावळा असतो. जवळच्या मोनोमरच्या सैल पदरातला एक इलेक्ट्रॉन तो आपल्या जोडीला ओढून घेतो आणि त्या मोनोमरला चिकटतो. पण त्या पदरात इलेक्ट्रॉन होते दोन. एक जोडीला गेला, दुसरा पलीकडच्या कार्बनवर एकटा पडला. म्हणजे रॅडिकलपण नाहीसं झालंच नाही, एक दुवा पुढे सरकलं. आता तो नवा टोकाचा इलेक्ट्रॉन पुढचा मोनोमर पकडतो, आणि साखळी लांबत जाते. पहिला रॅडिकल तयार करायला पेरॉक्साइडसारखा सहज तुटणारा पदार्थ टाकतात. त्याला इनिशिएटर म्हणतात.

हे सगळं किती वेळात होतं? हजारेक दुव्यांची साखळी साधारण सेकंदाभरात, कधी त्याहूनही लवकर पुरी होते. आणि मरतेही. दोन वाढत्या साखळ्यांची टोकं समोरासमोर आली की दोन एकटे इलेक्ट्रॉन जोडी करतात आणि दोन्ही साखळ्या कायमच्या थांबतात. कधी साखळी शेजारच्या एखाद्या रेणूशी एका अणूची देवाणघेवाण करते आणि आपण गप्प बसते, पण तो शेजारी रॅडिकल होऊन नवी साखळी सुरू करतो. पीव्हीसीच्या टाकीत या दुसऱ्या जातीच्या हातबदलाचंच राज्य असतं. तापमान वाढलं की तो वाढतो आणि साखळ्या आखूड होतात. म्हणून पीव्हीसीच्या कारखान्यात ‘के’चा आकडा मुख्यतः तापमानावर सांभाळतात.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. शेतात दिसणारं सगळंच प्लॅस्टिक रॅडिकलच्या वाटेने होत नाही. ठिबकची नळी आणि शेततळ्यात अंथरायचा जाड कागद ही पॉलिएथिलीनची मंडळी. त्यांतलं बरंचसं पॉलिएथिलीन कार्ल त्सीग्लर यांनी १९५३मध्ये शोधलेल्या धातू-उत्प्रेरकांच्या घराण्यातलं, त्यांची कथा वेगळी. पीव्हीसी, ॲक्रिलिकची पारदर्शक शीट, सुताराचा पांढरा गोंद, भिंतीचा इमल्शन रंग आणि गुळगुळीत कोटेड कागदावरचा थर घट्ट धरणारा लॅटेक्स हे मात्र रॅडिकलचं काम. हा शेवटचा पदार्थ इंदापूर तालुक्याला परका नाही. भिगवणचा कागद कारखाना कोटेड कागदासाठीच ओळखला जातो.

३. सरासरीआड दडलेली विषमता

टाकीत काही साखळ्या सुरुवातीला जन्मून मरतात, काही मधल्या वेळी, काही अगदी शेवटी मोनोमर संपत आल्यावर. कुणी लवकर मरतं, कुणी नशिबाने लांबतं. त्यामुळे ‘के-६७’ हा आकडा एका साखळीचा नसतो, गर्दीच्या सरासरीचा असतो.

पाच साखळ्यांचं उदाहरण घेऊ. त्यांची लांबी १०, ४०, ६०, १४० आणि २५० दुवे. बेरीज ५००, साखळ्या पाच, सरासरी १००. दुसऱ्या भांड्यातल्या पाचही साखळ्या १०० दुव्यांच्याच. सरासरी तीच, पण माल एक नाही. हा फरक आकड्यात धरण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ दुसरी सरासरी काढतात, जिच्यात लांब साखळीला तिच्या वजनाप्रमाणे जास्त मान मिळतो. रीत सोपी आहे. प्रत्येक लांबीचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि एकूण दुव्यांनी भागायचं. पहिल्या भांड्यात वर्गांची बेरीज ८७,४०० येते. तिला ५०० ने भागलं की १७४.८. ही दुसरी सरासरी भागिले पहिली सरासरी, म्हणजे १७४.८ भागिले १००, उत्तर सुमारे १.७५. दुसऱ्या भांड्यात हेच गणित केलं तर नेमकं १ येतं.

या भागाकाराला ‘विस्तार’ म्हणू. विस्तार १ म्हणजे सगळ्या साखळ्या एका मापाच्या. नेहमीच्या रॅडिकल पद्धतीत तो दीड ते दोनच्या घरात, कित्येकदा त्याहूनही वर असतो. पुढे हा आकडा पुन्हा लागणार आहे.

४. न मरणारी साखळी

साखळी मरतच नसेल तर? सगळ्या साखळ्या एकदमच सुरू झाल्या, सारख्या वेगाने वाढल्या आणि कुणीच मध्ये मेलं नाही, तर लांबी आपोआप सारखी यायला हवी. हे १९५६मध्ये मायकेल श्वार्क यांनी अमेरिकेत सिरॅक्यूज इथे करून दाखवलं. पण त्यांची साखळी रॅडिकलची नव्हती, तिच्या टोकावर ऋण विद्युतभार होता. दोन ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे टोकाला टोक भिडून मरण्याचा प्रश्नच येत नाही. मोनोमर संपला की साखळ्या तशाच थांबून राहायच्या, आणि नवा मोनोमर घातला की पुन्हा वाढायच्या. श्वार्क यांनी त्यांना ‘जिवंत पॉलिमर’ म्हटलं.

अडचण एकच, पण मोठी. पाण्याचा अंश जरी शिरला तरी हा ऋणभार संपतो. ज्या मोनोमरांना आम्लाचे किंवा अल्कोहोलचे गट आहेत, त्यांना तर ही पद्धत हातच लावू देत नाही. रॅडिकलचं उलट आहे. त्याला पाण्याचं वावडं नाही, अल्कोहोलचं नाही, हवेतल्या ऑक्सिजनचं मात्र आहे. म्हणून उद्योगाला रॅडिकलच सोयीचा. पण रॅडिकल एकमेकांना मारतात, आणि ते टाळणं अशक्य आहे असं रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तकं बरीच वर्षं गृहीत धरून चालत होती.

यातली फट गणितात होती. साखळीची वाढ म्हणजे एक रॅडिकल आणि एक मोनोमर यांची गाठ, तेव्हा वाढीचा वेग रॅडिकलच्या संख्येच्या प्रमाणात. मरण म्हणजे दोन रॅडिकलची गाठ, तेव्हा त्याचा वेग संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. रॅडिकल शंभरपटीने कमी केले तर वाढ शंभरपटीने मंदावते, मरण मात्र दहा हजारपटीने. म्हणजे कोणत्याही क्षणी जागे रॅडिकल अगदी थोडे असावेत, पण साखळ्या मात्र भरपूर असाव्यात. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. ती एकत्र नांदवायची कशी?

५. शेजपाळी

ज्याचं रान नीरा डाव्या कालव्यावर आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. वीरपासून निघून बारामती आणि इंदापूरकडे जाणाऱ्या या कालव्यावर सगळ्यांनी एकदम दारं उघडली तर काय होतं ते ठाऊक आहे. वरच्या अंगाचं रान तुंबतं आणि टेलला ढेकूळही भिजत नाही. म्हणून शेजपाळी. पाटकरी एकाचं दार उघडतो, ठरल्या वेळाने बंद करतो, पुढच्याकडे वळतो. कोणत्याही घटकेला बहुतेक दारं बंदच असतात, तरी आवर्तन संपेपर्यंत प्रत्येक रानाला पाणी पोचलेलं असतं, आणि जवळपास सारखं.

साखळ्यांचं तसंच करायचं. प्रत्येक साखळीच्या वाढत्या टोकावर एक क्लोरीनचा अणू बसवायचा. क्लोरीन बसला की इलेक्ट्रॉनला जोडी मिळते आणि साखळी झोपते. मरत नाही, कारण क्लोरीन पुन्हा काढता येतो. काढला की ती जागी होते, दोन-चार दुवे जोडते, आणि तेवढ्यात क्लोरीन परत येऊन बसतो. कोणत्याही क्षणी लाखात एखादी साखळी जागी, बाकीच्या झोपलेल्या. क्लोरीन काढणारा आणि परत बसवणारा पाटकरी म्हणजे धातूचा उत्प्रेरक.

मात्र पाटकऱ्याकडे यादी असते आणि कुणाची पाळी चुकली तर भांडण होतं. रुथेनियमकडे यादी नाही. कुठली साखळी त्याच्या वाटेत येईल हा निव्वळ योगायोग. सगळ्यांना सारखा वाटा मिळतो तो शिस्तीमुळे नव्हे, उघडझाप पुन्हा पुन्हा होते म्हणून. उघडझाप कमी वेळा झाली, किंवा दार एकदा उघडल्यावर फार वेळ उघडं राहिलं, की विस्तार लगेच वाढतो.

६. क्योटो, १९९५

क्योटो विद्यापीठातले मित्सुओ सावामोतो या कल्पनेकडे दुसऱ्याच रस्त्याने आले. गुरू तोशिनोबू हिगाशिमुरा यांच्यासोबत १९८४मध्ये त्यांनी धनभाराच्या साखळ्या ‘जिवंत’ ठेवून दाखवल्या होत्या. तिथेही युक्ती तीच होती, बहुतेक साखळ्या झोपवून ठेवायच्या. त्यांना प्रश्न पडला की ही युक्ती रॅडिकलवर का चालू नये.

क्लोरीन काढणारा धातू त्यांना नव्याने शोधावा लागला नाही. मॉरिस खराश यांनी शिकागोत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक विक्रिया अभ्यासली होती. कार्बन टेट्राक्लोराइडचा एक क्लोरीन सुटतो, उरलेला तुकडा रॅडिकल होऊन दुहेरी बंधाला चिकटतो आणि शेवटी क्लोरीन नव्या टोकावर येऊन बसतो. सत्तरच्या दशकात जपानी रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की रुथेनियमचं एक संयुग ही विक्रिया छान घडवतं. त्या संयुगात रुथेनियमभोवती दोन क्लोरीन आणि ट्रायफेनिलफॉस्फीनचे तीन रेणू असतात. ते १९६६मध्ये इंग्लंडात जेफ्री विल्किन्सन यांच्या प्रयोगशाळेत बनलं होतं, त्याच विल्किन्सन यांना १९७३चं नोबेल मिळालं.

खराश यांची विक्रिया एका दुव्यावर थांबते. पण टोकावर आलेला क्लोरीन पुन्हा काढला आणि मोनोमर भरपूर असला, तर दुसरा दुवा, तिसरा, चौथा असं का होऊ नये? सावामोतो, मासामी कामिगाइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्रिलिकचा मोनोमर घेतला, ज्याचं नाव मिथाइल मेथाक्रिलेट. त्यात कार्बन टेट्राक्लोराइड, ते रुथेनियमचं संयुग आणि मदतीला ॲल्युमिनियमचं एक संयुग घालून टोल्युइनमध्ये ६० अंशांवर तापवलं. साखळ्यांची लांबी मोनोमर खर्ची पडेल तशी सरळ रेषेत वाढत गेली. सेकंदात जन्मून मरणाऱ्या साखळ्यांच्या भांड्यात हे कधी दिसत नाही.

आत काय घडतं ते आता पायरीपायरीने सांगता येईल. रुथेनियम सुरुवातीला ‘दोन’ या अवस्थेत असतं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं. झोपलेल्या साखळीच्या टोकाजवळ आलं की ते आणखी एक इलेक्ट्रॉन देतं, क्लोरीन स्वतःकडे ओढतं आणि ‘तीन’ अवस्थेत जातं. साखळीच्या टोकावर एकटा इलेक्ट्रॉन उरतो, म्हणजे साखळी जागी झाली. क्षणभर वाढ होते. मग ‘तीन’ अवस्थेतलं रुथेनियम क्लोरीन परत देतं आणि ‘दोन’वर येतं. रुथेनियम खर्च होत नाही, नुसती ये-जा करतं.

त्यातच एक स्वयंचलित सुरक्षा दडलेली आहे, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. दोन जाग्या साखळ्या चुकून भिडल्या आणि मेल्या, तर त्यांचे दोन क्लोरीन रुथेनियमकडेच अडकून राहतात, कारण परत द्यायला टोक उरलेलं नसतं. रुथेनियम-तीन आपसांत जोडी करून संपतही नाही. त्यामुळे भांड्यात क्लोरीनवाल्या रुथेनियमचा थोडा साठा होतो, आणि तो साठा उरलेल्या साखळ्यांना आणखी चटकन झोपवतो. म्हणजे सुरुवातीच्या थोड्या मरणांमुळेच पुढची मरणं कमी होतात. या परिणामाचं गणित झुरिकचे हान्स फिशर यांनी १९८६मध्येच, वेगळ्या संदर्भात, मांडून ठेवलं होतं.

त्याच वर्षी, १९९५मध्ये, अमेरिकेत पिट्सबर्ग इथे जिन-शान वांग आणि क्रिश्तोफ मातियाशेव्स्की यांनी हीच पद्धत तांब्याने करून दाखवली. दोन्ही गट स्वतंत्रपणे पोचले. मातियाशेव्स्की यांनी दिलेल्या नावाचं ‘एटीआरपी’ हे लघुरूप पुढे रूढ झालं. त्याचा अर्थ इतकाच, की अणूची अदलाबदल करून चालणारं रॅडिकल बहुलकीकरण.

७. लांबी आधी ठरवायची

साखळ्या मरत नाहीत आणि सगळ्या एकत्रच सुरू होतात, तेव्हा लांबीचा हिशेब तोंडी करता येतो. मिथाइल मेथाक्रिलेटच्या एका रेणूचं वजन १०० एकक आहे, हे आपलं नशीब. मोनोमरचे २०० रेणू आणि इनिशिएटरचा (इथे कार्बन टेट्राक्लोराइडचा) १ रेणू असं प्रमाण घेतलं, आणि ९० टक्के मोनोमर खर्ची पडल्यावर विक्रिया थांबवली, तर प्रत्येक साखळीत १८० दुवे असतील आणि वजन साधारण १८,००० भरेल. दुप्पट लांबी हवी असेल तर इनिशिएटर निम्मा करायचा. जुन्या रॅडिकल पद्धतीत प्रत्येक साखळीबद्दल असं आधी सांगून मग बनवणं शक्य नव्हतं.

विस्तार किती? सुरुवातीच्या प्रयोगांत १.३च्या आसपास. नंतर रुथेनियमभोवतीचे रेणू बदलून तो १.१च्या जवळ आणला गेला. नेहमीच्या रॅडिकल पद्धतीतल्या दीड-दोनच्या तुलनेत ही मोठीच मजल.

८. हाच धातू का?

रुथेनियम १८४४मध्ये कझान इथे कार्ल क्लाउस यांनी शोधलं. ते प्लॅटिनमच्या घरातलं, त्याचा अणुक्रमांक ४४. जगात ते वर्षाला सुमारे ३० टन निघतं, तेही प्लॅटिनम काढताना हाती येणारं जोड-उत्पादन म्हणून, आणि बहुतांश दक्षिण आफ्रिकेत. हार्ड डिस्कमध्ये, विजेच्या संपर्क-बिंदूंवर आणि मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन काढणाऱ्या इलेक्ट्रोडवर त्याचा लेप असतो.

या कामाला ते का जमतं याची कारणं दोन. पहिलं, एक इलेक्ट्रॉन देणं आणि परत घेणं त्याला फारसं जड जात नाही. क्लोरीन ओढून घेणारे धातू पुष्कळ आहेत, पण घेतलेला क्लोरीन सोडायला तयार नसलेला धातू इथे काडीच्या कामाचा नाही. दुसरं, टायटॅनियमसारखे धातू ऑक्सिजनवाला कुठलाही गट दिसला की त्यालाच चिकटून बसतात. रुथेनियम तसं करत नाही, त्यामुळे अल्कोहोलचे गट असलेले मोनोमर, अल्कोहोल, अगदी पाणी असतानाही ते काम करू शकतं. याच गुणामुळे रॉबर्ट ग्रब्ज यांच्या २००५च्या नोबेलच्या कामातही रुथेनियम आहे, जरी ती विक्रिया पूर्ण वेगळी आहे.

पण सुटा धातू काही करत नाही. त्याच्याभोवती कोण बसलंय यावर सगळं ठरतं. धातूला इलेक्ट्रॉन देऊन त्याच्याशी बांधलेल्या या रेणूंना लिगंड म्हणतात, आणि धातू अधिक लिगंड मिळून संकुल होतं. लिगंड इलेक्ट्रॉन देण्यात उदार असेल तर रुथेनियमला आणखी एक इलेक्ट्रॉन सोडणं सोपं जातं आणि क्लोरीन लवकर निघतो. लिगंड फार मोठे असतील तर जागेची अडचण होते. बेल्जियममध्ये लिएज इथल्या गटाने पी-सायमीन हा लिगंड वापरून उत्तम उत्प्रेरक बनवले. हा पी-सायमीन आपल्या ओव्याच्या तेलातही असतो.

लिगंडांत शिफ बेस ही एक स्वस्त आणि सोयीची जात आहे. ह्यूगो शिफ यांनी ती १८६४मध्ये सांगितली. तालुक्याच्या गावातल्या साध्या प्रयोगशाळेतही ती बनते. सॅलिसिलाल्डिहाइड आणि अॅनिलीन समप्रमाणात अल्कोहोलमध्ये घालायचं, थोडा वेळ उकळवायचं आणि गार व्हायला ठेवायचं. काचेच्या भांड्याच्या तळाशी पिवळेधमक स्फटिक उतरतात. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा इंदापूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राला बसलेल्या मुलाला हे स्फटिक दुर्लभ नाहीत. या शिफ बेसच्या एका रेणूत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन हात असतात, आणि दोन्ही हातांनी तो धातू धरतो. गेंट विद्यापीठात फ्रान्सिस फेरपूर्ट यांच्या गटाने अशीच शिफ बेस बांधलेली रुथेनियमची संकुलं नियंत्रित रॅडिकल बहुलकीकरणासाठी वापरून पाहिली.

९. मग पाईपसाठी का नाही?

इथे सरळ हिशेब मांडतो. मोनोमरच्या २०० रेणूंमागे रुथेनियमचा एक अणू, असं प्रयोगशाळेतलं प्रमाण धरू. १०० ग्रॅम ॲक्रिलिकमागे त्या मूळ संकुलाचे सुमारे पावणेपाच ग्रॅम लागतात. त्यात निव्वळ रुथेनियम अर्धा ग्रॅम. म्हणजे एका टनामागे पाच किलो. जगातलं वर्षभराचं ३० टन रुथेनियम सगळं ओतलं तरी जेमतेम ६,००० टन प्लॅस्टिक होईल. भारतात पीव्हीसीच वर्षाला लाखो टनांनी लागतं. शिवाय माल तपकिरी होतो, आणि धातू धुऊन काढायचा खर्च वेगळा. त्यातून विनाइल क्लोराइडची साखळी झोपवणं-उठवणं ॲक्रिलिकपेक्षा बरंच अवघड आहे.

आणि मुळात पाईपला त्याची गरज नाही. पाईपमध्ये थोड्या आखूड, थोड्या लांब साखळ्या मिसळलेल्या असणं सोयीचंच पडतं, कारण आखूड साखळ्या माल वाहायला मदत करतात. पाणी धरणाऱ्या पदार्थांचंही तेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, १९८०च्या दशकात ‘जलशक्ती’ नावाचा स्टार्चवर आधारलेला पाणी शोषणारा पदार्थ तयार केला होता. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरायचं आणि मुळांना हळूहळू द्यायचं, ही त्याची कल्पना. बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्याला ती जवळची वाटावी अशीच. त्यातही साखळ्या एका मापाच्या असण्यावर काही अडलेलं नव्हतं. भिगवणच्या कोटेड कागदावरचा लॅटेक्ससुद्धा साध्या पद्धतीने झाला तरी थर धरून ठेवतो.

एका मापाच्या साखळ्या लागतात त्या वेगळ्याच ठिकाणी. विक्रिया थांबली तरी साखळीच्या टोकावर क्लोरीन शिल्लक असतो. पहिला मोनोमर संपल्यावर दुसरा मोनोमर घातला, तर त्याच साखळीला दुसऱ्या जातीचा लांब तुकडा जोडला जातो. एका तुकड्याला रंगद्रव्याचा कण आवडतो, दुसऱ्याला पाणी. असा पदार्थ छपाईच्या शाईत आणि गाडीच्या रंगात कण एकमेकांना चिकटू देत नाही. जपानच्या कानेका कंपनीने एटीआरपीच्या वाटेनेच दोन्ही टोकांना हवे ते गट असलेलं ॲक्रिलिक बनवून सीलंटसाठी बाजारात आणलं. औषध पोचवणारे सूक्ष्म कण बनवतानाही साखळी नेमकी किती लांब आहे हे माहीत असावं लागतं, नाहीतर शरीरातून ती कधी बाहेर पडेल सांगता येत नाही. अशा मालाचं टनावारी नव्हे, किलोवारी उत्पादन होतं आणि तिथे महाग उत्प्रेरक परवडू शकतो.

१०. तांब्याने घेतलेली आघाडी

परवडू शकतो म्हटलं, तरी व्यवहारात तांबं पुढे गेलं. ते स्वस्त, शिवाय २००६मध्ये मातियाशेव्स्की यांच्या गटाने दाखवलं की जीवनसत्त्व ‘क’ घालत राहिलं तर तांब्याचा अगदी अल्प अंश पुरतो. ‘क’ जीवनसत्त्व अडकलेल्या तांब्याला पुन्हा कामाच्या अवस्थेत आणतं. १९९८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतून आलेल्या ‘राफ्ट’ पद्धतीत तर धातूच लागत नाही, गंधकाचा एक रेणू साखळ्यांमध्ये हातोहात फिरतो. एनसीएलमध्ये नियंत्रित बहुलकीकरणावर डॉ. स्वामिनाथन शिवराम यांच्यासारख्यांनी दीर्घकाळ काम केलं. म्हणजे हे शास्त्र आपल्या जिल्ह्यालाही अनोळखी नाही.

रुथेनियम मात्र एका नव्या वाटेने परत आलं, प्रकाशाच्या. रुथेनियमभोवती बायपिरिडीनचे तीन रेणू बांधले की नारिंगी-तांबडं संकुल मिळतं. ते निळा प्रकाश शोषतं आणि तेवढ्यापुरतं इलेक्ट्रॉन द्यायला तयार होतं. सिडनीतल्या सिरिल बॉयर यांच्या गटाने २०१४पासून अशा प्रकाशग्राही संकुलांनी राफ्टच्या साखळ्या चालवून दाखवल्या. दिवा लावला की वाढ, बंद केला की थांबली. धातू लागला तो दशलक्षात काही भाग, त्यामुळे वर मांडलेला टनामागे पाच किलोचा हिशेब इथे लागू होत नाही.

माझं मत विचाराल तर रुथेनियमने दार उघडलं आणि उद्योग आत शिरला तो तांब्याचा हात धरून. तरीही लिगंड बदलला की उत्प्रेरकाचा स्वभाव कसा बदलतो हे शिकायला रुथेनियमइतका चांगला धातू विरळा.

एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून कुणाला हे करून पाहायचं असेल तर आधी तांब्याने हात बसवा, रुथेनियमचं क्लोराइड नंतर मागवा. मोनोमरच्या बाटलीत तो आपोआप जमू नये म्हणून एक रोधक घातलेला असतो. बाटली तशीच वापरू नका, ॲल्युमिनाच्या नळीतून गाळून रोधक काढा. आणि मिश्रणातून निदान अर्धा तास नायट्रोजन सोडल्याशिवाय तापवू नका. ऑक्सिजनच्या रेणूत जोडीविना दोन इलेक्ट्रॉन असतात. तो जागी झालेली साखळी लगेच पकडतो आणि उत्प्रेरकही बिघडवतो. हा प्रयोग फसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा धातूचा नसतो, झाकण नीट न लावल्याचा असतो.